मास्तरांच्या मुलाचा ठेका

गाणं आवडतं का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणतो आणि लगेच मला खोटं बोलल्यासारखं होतं. मला गाण्यातलं जे आवडतं, ते गाणाऱ्याला कळलं तर तो नाराज होईल. तो बिचारा डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी नाजूक काम करत असतो आणि माझं सगळं लक्ष शेजारच्या तबल्यावर. मैफलीत मी समोर बसत नाही. हळूहळू सरकत तबल्याच्या बाजूला जातो. एकदा तर इतका सरकलो की तबलजीने मला हातोडी धरायला दिली. ती मी शेवटपर्यंत धरून बसलो, आणि घरी आल्यावर गायकाची मनातल्या मनात माफी मागितली.

हे असं का झालं, ते नीट सांगायचं तर गिरणीपासून सांगावं लागेल.

पिंगळी स्टेशनवर उतरून ताडकळसच्या बाजूला चालत निघालं की आमचं गाव लागायचं. गावात पिठाची एकच गिरणी. तिच्या डिझेल इंजिनाच्या धुराड्यावर एक पत्र्याचा डबा उपडा घातलेला असायचा आणि धुराच्या प्रत्येक फुंकरीला तो वाजायचा. पुक पुक पुक पुक, मध्येच एखादा ठोका गिळून पुन्हा पुक पुक. त्या गिळलेल्या ठोक्यासाठी मी जीव टाकायचो. तो कधी येईल याचा काही नेम नसायचा, आणि आला की अंगातून मुंगी चालत गेल्यासारखं वाटायचं. मी आमच्या घरचं दळण न्यायचोच, शेजारच्यांचंही न्यायचो. मास्तरांचं पोरगं लय कामाचं हाय, असं सगळे म्हणायचे. मी कामाचा वगैरे नव्हतो. मी गाणं ऐकायला जायचो. ज्वारीचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात आणि गव्हाचं आमच्या डब्यात, असे घोटाळे मी इतके केले की शेवटी माय प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायला लागली.

मग दुष्काळ आला. गावाच्या बाहेर सरकारी रस्त्याचं काम निघालं आणि बायाबापड्या खडी फोडायला बसल्या. सगळ्या ओळीने उन्हात बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात हातोडी. आधी सगळ्यांचे ठोके वेगवेगळे पडायचे, आणि मग बोलता बोलता, कुणी न ठरवता, ते एका लयीत यायचे. मी शाळा सुटली की तिथे जाऊन दगडावर बसायचो. आमच्या शेजारची एक मावशी मला रोज बघायची. तिला वाटलं पोरगं भुकेलं आहे. तिने तिला कामावर मिळालेली सुकडी माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली. लोक घशाला कोरड पडेपर्यंत राबत होते आणि मी त्यांचा ठेका ऐकत त्यांचीच सुकडी खात होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या मावशीला पुढे मोठेपणी मी एक लुगडं नेऊन दिलं, तर ती म्हणाली, कामून रे बाबा? मी म्हणालो, असंच.

ऐकणं एकवेळ ठीक होतं. अडचण माझ्या हातांची होती. जे ऐकलं ते हातांना करून बघायचं असायचं. पाटी, पत्र्याची पेटी, पाण्याची घागर, भाकरीची टोपली, धाकट्या बहिणीचं तेल लावलेलं डोकं, काहीही चालायचं. आणि आमच्या घरात नेमकं हेच चालत नव्हतं.

माझे वडील, म्हणजे आबा, प्राथमिक शाळेत मास्तर होते. शांत माणूस. त्यांनी मला कधी मारलं नाही. माझे हात चालू झाले की ते पुस्तकातून मान वर न करता एकच शब्द म्हणायचे, "हात." मी दोन्ही हात काखेत घालायचो. आबा घरात असले की मी इतका वेळ काखेत हात घालून बसायचो की एकदा पाहुण्यांनी मायला विचारलं, पोराला थंडी वाजून येते का?

कारण मला मायने सांगितलं, तेही हळू आवाजात. आबा लहान असताना गावात हलगी वाजवायचं काम आमच्या घरांकडे होतं. आवड असो नसो, करायचंच. गावातलं लग्न असो, पोळा असो, कुणाची मयत असो, आमच्या माणसांनी सगळ्यांच्या पुढे उन्हातान्हात चालत वाजवायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, लांब बसायचं. आबांनी लहानपणी आजोबांच्या जोडीने हे केलं होतं. छपन्न साली आमच्या लोकांनी जुना धर्म सोडला, त्याच्याबरोबर हे कामही सोडलं. आबा तेव्हा शिकत होते. त्यांनी त्यांची हलगी कुठे ठेवली, कुणाला दिली, की मोडून टाकली, हे मायलाही माहीत नव्हतं. "त्यास्नी त्याचं नाव काढलेलं चालत न्हाई," ती म्हणाली. "तू कशाला बडवीत बसतूस?"

मी बडवत बसणार नाही असं ठरवलं. ते ठरवताना माझी बोटं चुलीच्या कडेवर चालली होती.

आबांना वाटायचं, ह्या मुलाचं लक्ष ठेक्यावरून काढून सुराकडे न्यायला पाहिजे. त्यांच्या हिशेबात सूर म्हणजे शिकलेल्या माणसाची गोष्ट. संध्याकाळी ते ट्रान्झिस्टर लावायचे आणि मला शेजारी बसवायचे. भावगीत संपलं की विचारायचे, कसं वाटलं? मी म्हणायचो, गोड. रोज गोड. आबा समाधानाने मान हलवायचे. एकदा मी असाच बसलो होतो, पण कान लांब गिरणीकडे होते. आबांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हणालो, गोड. ते माझ्याकडे बघत राहिले. रेडिओवर कापसाचे बाजारभाव चालू होते.

त्यानंतर आबांनी जरा मोठा उपाय केला. परभणीहून त्यांनी एक जुनी पेटी आणली, बाजाची. पिंगळी स्टेशनवर मी ती घ्यायला गेलो होतो. कुणाच्या तरी बैलगाडीत ती ठेवली आणि आम्ही मागून चाललो. गाडीला धक्का बसला की पेटी आपोआप कण्हायची. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, मास्तर, गाडीत कोन आजारी हाय? आबा मोठ्या अभिमानाने सांगायचे, पोराला गाणं शिकवायचंय.

पेटीची एक पट्टी खाली बसलेली होती ती वर यायची नाही, आणि एक वर होती ती खाली जायची नाही. पण खरी बिघडलेली वस्तू मी होतो. आबा ट्रेनिंग कॉलेजात थोडीफार पेटी शिकले होते. ते सा लावायचे आणि मला म्हणायला सांगायचे. मी तोंड उघडलं की पलीकडच्या दावणीची शेळी उत्तर द्यायची. आबा म्हणायचे, शेळीकडे लक्ष देऊ नको. मी देत नव्हतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर शेळी माझ्यापेक्षा ‘सा’च्या जवळ होती. आबांनी तरी धीर सोडला नाही. संपूर्ण पावसाळा त्यांनी माझ्यावर घालवला. शाळेतून थकून आलेला माणूस रोज संध्याकाळी माझ्या आवाजासमोर बसायचा, आणि मी त्यांचा चेहरा बघून आणखी चुकायचो.

आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, एखाद्या कार्यक्रमात ते लोक समाजाची गाणी म्हणायचे. पार्टीचे प्रमुख शिवणकाम करायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. काकांचा आवाज एवढा मोठा की त्यांनी शर्टाचं माप सांगितलं तरी शेजारच्या गल्लीतला माणूस आपलं माप समजून यायचा. आबांनी आमची पेटी पार्टीला द्यायचं कबूल केलं, अट एवढीच की ती माझ्या मुलाने वाजवायची. काकांना दुसरी पेटी हवीच होती. ते हो म्हणाले. मग तालमीत त्यांनी मला ऐकलं.

ऐकून झाल्यावर ते बराच वेळ दोरा दाताने तोडत बसले. मग जवळ आले.

"बाळा, तुझी बोटं लय छान चालतेत."

मी मान खाली घातली.

"बोटं अशीच चालू दे. फकस्त भात्याची कडी काढू नको."

म्हणजे वारा भरायचाच नाही. हात वरवर हलवायचा, बोटं पट्ट्यांवर फिरवायची, पेटी मुकी. आबा समोर बसून बघणार, त्यांना दिसणार की मुलगा वाजवतो आहे, आणि काकांची पेटी दोघांच्या वाटचं वाजवणार. मला हे फार वाईट वाटलं. आणि फार सोयीचंही वाटलं. मुक्या पेटीवर मला सुराचा काही त्रास नव्हता, त्यामुळे माझी बोटं मोकळेपणी मनाला येईल तसा ठेका धरायची. गायन पार्टीत मी असा दोन वर्षं बसलो. लोक म्हणायचे, मास्तरांच्या पोराच्या पेटीचा आवाज लय मऊ हाय.

याच काळात माझी आवड बदलत होती असं मला वाटायचं. लग्नांत लिंबाच्या झाडाला कर्णा बांधून सिनेमाच्या तबकड्या लावायचे. माझ्या वर्गातली मुलं नट-नट्यांबद्दल बोलायची, मी तबकडी घासून गेल्यावर सुई एकाच जागी अडकायची त्याची वाट बघायचो. एकच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, काय ठेका पडायचा! लाऊडस्पीकरवाला धावत येऊन सुई उचलायचा तेव्हा सगळे सुटकेचा श्वास घ्यायचे आणि मी एकटा हळहळायचो. पाहुणे मंडळी मला सिनेमाचा शौकीन समजत. कुणी आवडतं गाणं विचारलं तर मी ज्या तबकडीला जास्त चरा पडलेला तिचं नाव सांगायचो.

मग ती जयंती आली. संध्याकाळचा कार्यक्रम, विहारासमोर मांडव, पुढच्या रांगेत आबा आणि पाहुणे. आमच्या पार्टीचा ढोलकीवाला झरीला राहायचा. त्याची बस आली नाही. काका म्हणाले, एक गाणं बिनढोलकीचं म्हणू, तोवर येईल. लाऊडस्पीकरवाल्याकडे एकच माइक होता. काकांचा आवाज मोठा म्हणून त्याने तो काकांपासून लांब आणि माझ्या पेटीजवळ ठेवला. काकांनी तोंड उघडलं आणि मी नेहमीसारखी बोटं सोडली.

कर्ण्यातून काकांचा आवाज आला आणि त्याच्याबरोबर आलं टक टकाटक, टक टकाटक.

माझी नखं वाढलेली होती. पट्ट्यांवर ती वाजत होती आणि माइक ते सगळं उचलून लिंबावरून गावभर फेकत होता. मला वाटलं काहीतरी तुटलं. लाऊडस्पीकरवाल्यालाही तसंच वाटलं. त्याने धावत जाऊन आपल्या यंत्राला दोन थापा मारल्या, वायरी हलवल्या, एक बटण फिरवलं. आवाज दुप्पट झाला. मी थांबणार इतक्यात काकांनी गाता गाताच माझ्याकडे असे डोळे काढले की थांबलास तर मांडवाबाहेर काढीन. मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग बाया. मग पुढच्या रांगेतले पाहुणेसुद्धा, पायाने. मला जन्मात पहिल्यांदा वाटलं की मी गाण्याच्या आत आहे. त्याच क्षणी मी आबांकडे बघितलं. आबा टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात दाढी करत बसले होते. मी पाणी घेऊन गेलो. साबण लावता लावता ते म्हणाले, "पेटी वाजत नव्हती."

"न्हाई."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

वस्तरा गालावर थांबला. मग पुन्हा चालू झाला. मला वाटलं आता पेटी परभणीला परत जाईल आणि तिच्यामागून मीही. आबांनी तोंड धुतलं, पुसलं, आणि म्हणाले, "तिसऱ्या कडव्याला घाई केलीस. दोन ठोके खाल्लेस."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. कळलं तेव्हा माझ्या हातातलं पाणी सांडलं. ज्या माणसाला ठेक्याचं नाव काढलेलं चालत नव्हतं, त्याने रात्रभर माझे ठोके मोजले होते.

"हात कुणी शिकवला तुला?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, कुणी नाही. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली माय बोलली. "कुणी न्हाई कसं? तान्हा होता तवा रडायचा, तर तुमीच मांडीवर घेऊन थोपटायचेत. साधं थोपटायला येत होतं का तुमास्नी? सगळी वरात काढायचेत पोराच्या पाठीवर. अन् आता इचारायलेत, हात कुणी शिकवला."

आबांनी दाढीचं सामान आवरायला सुरुवात केली. एकच वस्तू तीनदा डब्यात ठेवली. शाळेची वेळ झाली. दारातून बाहेर पडताना मागे वळून म्हणाले, "वाजवायचं तर ढोलकी वाजव. पन बसून. उभं राहून न्हाई, अन् कुणाच्या म्होरं चालत तर कवाच न्हाई. ऐकणारानं समोर बसावं, आपन बसून वाजवावं. कळलं?"

मला कळलं. किती कळलं ते आज सांगता येणार नाही, पण मी मान हलवली आणि हात काखेतून बाहेर काढले.

ढोलकी शिकलो. झरीच्या त्याच ढोलकीवाल्याने शिकवलं, ज्याची बस आली नव्हती. मग मी परभणीला कॉलेजात गेलो आणि तिथे माझ्या आवडीला थोडी शिंगं फुटली. माझ्या खोलीतला सोबती शास्त्रीय संगीताच्या गोष्टी करायचा. त्याच्यामुळे मी मैफलींना जायला लागलो आणि वर सांगितलेलं ते सरकत जाणं सुरू झालं. बाहेर आल्यावर सोबती विचारायचा, काय गायले ना? मी म्हणायचो, वा. खरं तर मला अर्धा तास गाणाऱ्याचं तोंड दिसलेलं नसायचं.

सूर मला कळला तो भलत्याच ठिकाणी. उरुसात. मैदानात कव्वाली चालली होती, आणि कव्वालीत टाळ्या असतात. मी टाळ्यांसाठी गेलो होतो. सगळी मंडळी मिळून टाळी धरून बसलेली, आणि त्या टाळीवर म्हातारा कव्वाल एक लांब सूर घेऊन चढला. तो परत खाली येतो की नाही, याची मला काळजी वाटायला लागली. टाळी चालू, म्हातारा वरच. गिरणीच्या गिळलेल्या ठोक्यासारखं झालं, पण फार मोठं. तो बरोबर टाळीवर येऊन उतरला आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्याने आपल्या दस्तीने माझे डोळे पुसले आणि मला चहा पाजला. मी त्या दिवशी खोलीवर येऊन आबांना मनात म्हणालो, गोड. पहिल्यांदा खरं बोललो. पण आबांच्या रेडिओवरचे बाजारभाव केव्हाच संपून गेले होते.

त्यानंतर सुट्टीत मी गावी आलो तेव्हा जयंती जवळ आली होती आणि वस्तीत एक अडचण उभी होती. मिरवणुकीपुढे दरवर्षी बाहेरगावचा बँड यायचा. ह्या वर्षी काकांच्या मनात आलं की आपलीच पोरं लेझीम खेळतील, आपल्याच बाया गाणी म्हणतील, आणि ढोलकी आपलीच असेल. झरीचा ढोलकीवाला नोकरी लागून गेला होता. उरलो मी. आणि मी तर चालत वाजवू शकत नव्हतो. काका आबांकडे आले. सोबत पार्टीची चार माणसं, वकिलासारखी.

काका म्हणाले, बसायचं एवढंच ना? मग त्याला बैलगाडीत बसवू.

आबा विचारात पडले. उत्तरपत्रिका तपासताना अर्धा गुण द्यावा की नाही, तेव्हा ते असे दिसायचे. "गाडी चालंल ना पन."

"बैल चालायलेत, मास्तर. पोरगं बसलंय."

"अन् गाडी लोकांच्या म्होरं."

तिथे सगळे अडले. पार्टीतल्या एकाने सुचवलं, गाडीत उलटं तोंड करून बसवू, म्हणजे तो लोकांकडे बघेल. आबा म्हणाले, तोंडाचा प्रश्न नाही. बरीच चर्चा झाली. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. माझ्या बसण्याचा आणि चालण्याचा एवढा विचार माझ्या लग्नातही झाला नाही. शेवटी आबांनी निकाल दिला. गाडी चालेल, पण मिरवणुकीच्या शेवटी. कुणाच्या पुढे नाही.

मिरवणूक निघाली. पुढे निळा झेंडा, मग लेझीम खेळणारी पोरं, मग बाया, मग पुरुषमंडळी, आणि सगळ्यांच्या शेवटी बैलगाडीत सतरंजीवर मी. आबा मधल्या पुरुषांत. मी ठेका धरला. अडचण लगेच कळली. जवळच्या पुरुषांना ठेका ऐकू येत होता, बायांना थोडा ऐकू येत होता, आणि पुढच्या लेझीमच्या पोरांना काहीच ऐकू येत नव्हतं. ती पोरं अंदाजाने खेळत होती. पुढची ओळ वाकायची तेव्हा मागची ओळ उठायची. दोन पोरांची डोकी आपटली. बायांनी गाण्याचं एक कडवं माझ्या ठेक्यावर आणि एक लेझीमवर म्हटलं, आणि मग त्यांनी गाणंच थांबवून कोण चुकलं यावर भांडण सुरू केलं. काका पुढून मागे आणि मागून पुढे धावत होते. धावताना प्रत्येकाला सांगत होते, मागचं ऐका, मागचं ऐका.

तेवढ्यात मला मागे काहीतरी जाणवलं. वळून बघितलं तर मेंढरं.

मेंढ्या पाळणारी काही घरं गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांचा कळप रानातून घरी परतत होता. गल्ली अरुंद, त्यात आमची गाडी. कळपाला पुढे जायला जागा नाही, म्हणून तो माझ्या गाडीमागे लागला होता. सगळी गल्ली मेंढरांनी भरलेली. मेंढ्या चालत होत्या, माझी ढोलकी वाजत होती, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्यापुढे मीच वाजवत चाललो आहे. आबांची अट मोडली होती. मला काय करावं ते सुचेना. मी थांबलो तर मिरवणूक थांबणार, वाजवत राहिलो तर मेंढरांच्या वरातीचा मीच बँड.

मेंढपाळ मागून शांतपणे ओरडला, "वाजवू द्या, मास्तर. आमची बी लाइनीत हायेत."

आबा वळले. त्यांनी गाडी बघितली, मला बघितलं, आणि माझ्या मागे लांबपर्यंत गेलेली ती लोकरीची मिरवणूक बघितली. एक मेंढा गाडीत पुढचे पाय टाकून माझी सतरंजी खात होता. आबांचा चेहरा आधी अगदी कडक झाला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी आबांना असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी.

हसणं संपल्यावर ते तसेच मागे गाडीपाशी आले आणि गाडीवानाच्या हातातून कासरा घेतला. काका धापा टाकत आले. म्हणाले, मास्तर, काय करायलाव?

"म्होरं घेतो."

"पन तुमीच तर म्हनला व्हता, कुणाच्या म्होरं न्हाई."

आबांनी बैलांना हात लावला. "ते दुसऱ्यांच्या वरातीत होतं. ही आपली हाय."

गल्ली इतकी अरुंद की गाडी पुढे जायला सगळ्या लोकांना भिंतींना चिकटून उभं राहावं लागलं. बायांनी पदर सावरले, लेझीमची पोरं ओट्यांवर चढली, आणि आबा कासरा धरून माणसांच्या दोन ओळींमधून गाडी ओढत पुढे निघाले. मागून मेंढरंही आली, कारण आता त्यांना वाट मिळाली होती. झेंड्याच्या मागे गाडी लागली. मी ठेका धरला, तो पुढून मागेपर्यंत गेला, आणि बाया पुन्हा गायला लागल्या. गाणं कसं होतं ते मला आठवतं. त्या दिवशी ते मला शब्दांसकट, सुरासकट ऐकू आलं.

विहाराजवळ मिरवणूक पोचली. मेंढरं आपल्या वाटेने गेली. गाडी थांबली तरी मी आत बसूनच होतो, कारण उतर असं कुणी सांगितलं नव्हतं. आबा गाडीच्या मागे आले आणि आपल्या खांद्यावरची दस्ती ढोलकीच्या कड्यांत ओवून त्यांनी तिची दोरी केली.

"उतर. उभं राहून वाजव एकदा."

मी उतरलो. ढोलकी गळ्यात अडकवली. सगळी वस्ती गोल करून उभी राहिली, काकांनी तर डोळे मिटून मान डोलवायची तयारी ठेवली होती. मी हात टाकला आणि हात भलतीकडेच पडला. बसून वाजवायची सवय, ढोलकी पोटावर हलत होती, दस्ती मानेला काचत होती. पहिला ठोका आला, दुसरा हवेत गेला, तिसरा माझ्या बरगडीवर बसला. लेझीमच्या पोरांनी तोंडं फिरवली.

आबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग माझ्या गळ्यातून दस्ती सोडवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू बसूनच बरा वाजवतूस."